भावाच्या नावाचं पारितोषिक : नेतृत्व, श्रद्धा आणि चिकाटी ओळखायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा : "माझा धाकटा भाऊ दोन वर्षांपूर्वी हाडाच्या कॅन्सरनं गेला. १९ वर्षांचा होता. शाळा बडोद्यातच झाली, संध्याकाळी व्यायामशाळेत मल्लखांब. लहान मुलांना तोच शिकवायचा. कुणी यायच्या आधी जाऊन खांबाला एरंडेल लावून ठेवायचा. ऑपरेशनमध्ये पाय गेल्यावरही स्टुलावर बसून शिकवत राहिला. विठ्ठलावर त्याची फार श्रद्धा. त्याच्या शाळेत दर वर्षी एका विद्यार्थ्याला नेतृत्व, श्रद्धा आणि चिकाटी या गुणांसाठी त्याच्या नावानं पारितोषिक द्यावं असं आईबाबांच्या मनात आहे. हाताशी दोन लाख रुपये आहेत. निवड कशी करायची, पैसे कसे ठेवायचे, काय टाळायचं?"

ताई, तुमचं पत्र वाचून झाल्यावर माझ्या मनात राहिलं ते एरंडेल. तुम्ही तीन मोठे शब्द लिहिलेत, दोन लाखांचा आकडा लिहिलात, पण तो मुलगा मला दिसला तो त्या एका वाक्यात. म्हणून उत्तर तिथूनच सुरू करते.

मी बडोद्यात ३१ वर्षं शिकवलं, त्यातली २४ वर्षं पारितोषिक समित्यांवर काम केलं. या काळात स्मृती पारितोषिकं सुरू होताना पाहिली, तशी विझतानाही पाहिली. पैसे संपले म्हणून विझलेली फार थोडी. बहुतेक वेळा होतं ते असं : पहिल्या वर्षी घरचे सगळे येतात, निवड मनापासून होते. चौथ्या वर्षापर्यंत मुख्याध्यापक बदललेले असतात, फाइल नव्या क्लार्ककडे गेलेली असते, आणि फाइलमध्ये एवढंच लिहिलेलं असतं की 'सर्वगुणसंपन्न विद्यार्थ्यास द्यावे'. स्नेहसंमेलन आठ दिवसांवर आलेलं. सर्वगुणसंपन्न कोण, हे शोधत बसायला कुणाला सवड नसते. मग गुणांची यादी काढतात आणि पहिल्या आलेल्या मुलीच्या हातात सहावं पाकीट पडतं. मुलगी गुणी असतेच. पण जो माणूस गेला त्याचा त्या पाकिटाशी संबंध नावापुरता उरतो.

तुमचे तीन शब्द नुसते शब्द म्हणून फाइलमध्ये गेले तर त्यांचंही हेच होईल. तेव्हा पैशांच्या आधी एक पान लिहा. तुमचा भाऊ कसा होता ते लिहू नका, त्यानं काय केलं ते लिहा. 'प्रेमळ', 'जिद्दी', 'हसतमुख' हे शब्द कुठल्याही श्रद्धांजलीत चालतात. एरंडेल चालत नाही, ते त्याचंच आहे. मल्लखांबावर चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, खांब कोरडा राहिला तर मांडीची कातडी सोलवटते आणि तेल जास्त झालं तर पकड सुटते. म्हणजे तो मुलगा सगळ्यांच्या आधी यायचा, तळव्यानं तेल सारखं पसरायचा, आणि त्याच्यानंतर येणाऱ्या आठ-दहा वर्षांच्या पोरांना आपण सुखरूप का उतरतो हे कळायचंसुद्धा नाही. नेतृत्व म्हणजे काय हे शाळेला सांगायचं असेल तर हेच सांगा : इतर यायच्या आधी येऊन त्यांची सोय लावून ठेवणारा आणि त्याचा गाजावाजा न करणारा. ज्या शहरात जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकरावांच्या हाताखाली पिढ्या तयार झाल्या, त्या शहरात हे कुणाला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागणार नाही.

शाळेत नेता म्हटलं की वर्गप्रमुख, संमेलनाचा सूत्रसंचालक, ढोलपथकाच्या पुढे झेंडा घेतलेला मुलगा डोळ्यांसमोर येतो. त्यांचं कौतुक आधीच झालेलं असतं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं, त्यानंतरच्या वर्षी आमच्या समितीकडे एक शिफारस आली. ती एका सोसायटीच्या वॉचमननं तोंडी सांगितली आणि शिक्षकांनी लिहून घेतली. नववीतली मुलगी. तळमजल्यावर पाणी, वीज गेलेली. तिनं चौकटीच्या वहीत सोसायटीतल्या म्हाताऱ्या माणसांची यादी केली. ती वही नंतर मी हातात घेऊन पाहिली. फ्लॅट नंबर, पुढे 'आजी, इन्सुलिन, फ्रिज बंद', त्यापुढे बरोबरची खूण. इन्सुलिनच्या बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं मातीच्या माठात ठेवल्या होत्या. चार घरांच्या बाटल्या एकाच माठात, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी. वर्गात ही मुलगी हात वर करत नाही, असं तिच्या बाई म्हणाल्या. तिची निवड करायला आम्हाला पाच मिनिटं लागली असतील. अर्ज मागवले असते तर तिचा अर्ज आलाच नसता.

म्हणून अर्ज ठेवू नका. अर्ज ठेवला की स्वतःबद्दल चांगलं लिहिता येणारी मुलं पुढे येतात, आणि हल्ली बरेचदा त्यांचे आईवडील. शिफारस मागवा, तीन-चार ओळींची, कुणाकडूनही. शिपाई, प्रयोगशाळेतले मदतनीस, व्हॅनवाले काका, वर्गातलीच मुलं. लिहिता येत नसेल तर सांगू द्यावं, दुसऱ्यानं उतरवून घ्यावं. अट एकच : गुण सांगायचा नाही, प्रसंग सांगायचा. 'तो फार मदत करतो' असं कुणी म्हणालं की विचारायचं, कधी, कुणाला, काय केलं? यानं निम्म्या शिफारशी आपोआप गळतात आणि उरलेल्या खऱ्या असतात. टक्क्यांची अट तर मुळीच नको. शाळा ६० टक्के तरी ठेवा म्हणून आग्रह धरेल, नम्रपणे नाही म्हणा. गुणांसाठी दुसरी बक्षिसं आहेत.

आता श्रद्धा. तुम्ही विचारलं नाहीत, पण हा शब्द ठेवायचा की काढायचा हे शाळा पहिल्याच बैठकीत विचारेल. कुणी तरी 'मूल्यनिष्ठा' सुचवेल. मी म्हणेन, श्रद्धा हाच शब्द ठेवा. मूल्यनिष्ठा हा शब्द कुठल्या घरात स्वयंपाक करताना बोलला जातो? तुमच्या भावाची श्रद्धा विठ्ठलावर होती, ती पुसून त्याची आठवण ठेवण्यात काय अर्थ आहे? मात्र शाळा काळजी करते तीही चुकीची नाही. सरकारी अनुदान घेणाऱ्या किंवा सरकारमान्य संस्थेत कुणावरही धार्मिक शिक्षणाची वा उपासनेची सक्ती करता येत नाही, हे राज्यघटनेच्या २८व्या कलमातच आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी बडोद्याच्या कुठल्याही वर्गात एका बाकावर चार घरचे चार देव बसलेले असतात.

तेव्हा नियमांत स्पष्ट लिहा की कुठल्याही धर्माच्या, आणि कुठलाच धर्म न पाळणाऱ्या मुलालाही हे पारितोषिक मिळू शकतं. मुलाला देवाबद्दल प्रश्न विचारायचा नाही. उपास, पूजा, स्तोत्रपाठ मोजायचे नाहीत, पाठांतराच्या स्पर्धा त्यासाठी आहेत. मग पाहायचं काय? पुन्हा तुमच्या भावाकडे जा. पाय गेल्यावर आपण परत खांबावर चढणार नाही हे त्याला कळलेलं होतं. तरी तो रोज आला, स्टुलावर बसला, पोरांच्या उड्या मोजत राहिला. फळ दिसत नसताना हातातलं काम न सोडणं, ही त्याची श्रद्धा. एकादशीला तो देवळात जायचा की नाही हे तुमच्या घराला ठाऊक असणं पुरे आहे. समितीनं स्टूल पाहावं.

हे पारखता येतं का? येतं. वेळ लागतो, पण येतं. एकदा अकरावीतल्या एका मुलाचं नाव आलं होतं. त्याच्या आधीच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षकांना अर्धांगवायूचा झटका आला, वाचा गेली. हा मुलगा दर रविवारी सकाळी जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायचा. दोन वर्षं. सरांना कळतंय की नाही हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नव्हतं. समितीतल्या एकानं त्याला विचारलं, तुला कसं कळतं की ते ऐकतात? त्यानं जरा आश्चर्यानं आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर ऐकतात." एवढंच. त्या मुलाच्या घरी देव्हारा आहे की नाही, मला आजही माहीत नाही.

चिकाटीबद्दल मात्र मला एक कटू गोष्ट सांगायची आहे, कारण ती माझ्या हातून घडली. चिकाटीचं बक्षीस म्हटलं की समित्या हलाखी शोधायला लागतात. कुणाचं घर जास्त पडकं, कुणाचा बाप जास्त वाईट. एका संस्थेच्या समारंभात आम्ही दहावीतल्या एका मुलीची निवड केली होती. निवेदकानं व्यासपीठावरून तिची माहिती वाचली : वडिलांचं दारूचं व्यसन, आईची धुणीभांडी, एका खोलीत पाच जण. मुलगी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली आणि नाव पुकारल्यावर ती उठलीच नाही. आठ दिवसांनी तिची आई शाळेत येऊन पाकीट परत देऊन गेली. तो मजकूर मी तपासला होता. 'छान झालाय' असं म्हणून त्यावर सही केली होती. तिच्या आईनं मला काही सुनावलं नाही, नुसतं पाकीट टेबलावर ठेवलं. त्या दिवसानंतर मी ज्या ज्या समितीवर गेले तिथे एक नियम घातला : मानपत्र आधी मुलाला दाखवायचं, एकट्याला, शांतपणे, आणि त्यातली नको असेल ती ओळ मुलानं खोडायची. कारण विचारायचं नाही. तुम्हीही हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा, एवढी विनंती आहे.

आणि चिकाटी गरिबाघरीच असते असं नाही. तोतरेपणावर मात करत वर्षभर रोज प्रार्थनेनंतरचा सुविचार वाचणारी मुलगी, गणितात तीनदा नापास होऊन चौथ्यांदा बसलेला मुलगा, घरी सगळं असूनही स्वतःशी झगडणारं मूल, ही चिकाटीच.

समिती पाच जणांची पुरे. दोन शिक्षक, एक माजी विद्यार्थी, एक शाळेबाहेरची व्यक्ती आणि घरचं कुणी तरी एक. हे शेवटचं जरा जपून सांगते. पहिली तीन वर्षं तुम्ही बसा, मतही द्या. त्यानंतर बसा, पण मत देऊ नका. घरचं माणूस नकळत आपलं गेलेलं मूलच शोधत राहतं. तसाच आवाज, तशीच मान वळवण्याची लकब. मल्लखांब करणारा एखादा मुलगा समोर आला की तुमचं मन त्याच्याकडे जाईल, त्यात तुमचा दोष नाही. पण सायन्सच्या वर्गातल्या गुजराती मुलीत किंवा नकाशे काढणाऱ्या अबोल पोरात तुमच्या भावाची गोष्ट असेल तर ती बाहेरच्या माणसाला आधी दिसेल.

आता पैसे. दोन लाखांसाठी स्वतंत्र ट्रस्ट काढू नका. चॅरिटी कमिशनरकडे नोंदणी, दर वर्षी ऑडिट, विवरणपत्रं, यातच तुमचं वर्ष जाईल. शाळा चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेलाच रक्कम द्या, चेकनं किंवा बँकेतून, सोबत पत्र जोडून. त्यात साफ लिहा की ही रक्कम कायम निधी म्हणून ठेवावी, मुद्दल खर्च करू नये, व्याजातून पारितोषिक द्यावं. हे पत्र नसेल तर रक्कम साध्या देणगीत जमा होते आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचे पंखे येतात. पंखे लागतातच शाळेला, पण तुमचं ठरलेलं ते नव्हतं. आयकरातली सवलत हवी असेल तर संस्थेकडे त्याची मान्यता चालू आहे का ते आधी विचारा. रोख २,००० रुपयांच्या वर दिलं तर ती सवलत मिळत नाही.

दोन लाखांवर साडेसहा टक्क्यांनी वर्षाला १३,००० रुपये व्याज येईल. सगळे वाटू नका. ९,००० द्या, ४,००० पुन्हा ठेवीत घाला. बारा वर्षांनी ठेव अडीच लाखांच्या वर जाईल आणि व्याज १६,००० च्या पुढे. महागाई सहा टक्क्यांनी चालली तर बारा वर्षांत वस्तूंच्या किमती दुप्पट होतात, म्हणजे एवढं करूनही पारितोषिक बरंच मागे पडेल. म्हणून दर दहा वर्षांनी घरच्यांनी किंवा भावाच्या मित्रांनी भर घालायची, हे आजच ठरवून ठेवा. आमच्या एका जुन्या फाइलमध्ये १९८० च्या दशकात ठेवलेला १,००१ रुपयांचा निधी आहे. तेव्हा वर्षाला शंभर रुपये यायचे, त्यात वर्षभराची पाठ्यपुस्तकं येत. आज ६५ रुपये येतात. ज्यांच्या नावे तो आहे त्यांच्या घरचं आता कुणी येत नाही. दर वर्षी ते ६५ रुपये पाकिटात घालताना मला फार वाईट वाटायचं.

आणखी एक कलम घाला, आणि ते घालताना मन घट्ट करा. शाळा बंद पडली तर निधी कुठे जाईल? बडोद्यात मराठी घरांतली बरीच मुलं आता गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात जातात, मराठी वर्गांचे पट रोडावत चालले आहेत, हे आपण सगळे पाहतो आहोत. दुसऱ्या शाळेचं नाव लिहा किंवा व्यायामशाळेची संस्था नोंदणीकृत असेल तर तिचं. मानपत्र मराठी आणि गुजराती दोन्हींत ठेवा. मूल कुठल्याही माध्यमातलं असो, त्याच्या आजीला ते वाचता यायला हवं.

रक्कम मुलाच्या बँकखात्यात जमा करा. दहा वर्षांपुढच्या मुलाला स्वतः चालवता येणारं बचत खातं उघडता येतं. काहींचं ते पहिलंच खातं असतं, त्यासाठी शाळेतलं कुणी तरी बँकेत बरोबर गेलं पाहिजे. व्यासपीठावर चषक देऊ नका. दर वर्षी व्यायामशाळेतल्या मुलांनी एरंडेलाची एक छोटी बाटली भरून द्यावी, असं मला तुमचं पत्र वाचताना वाटलं. आई कबूल होतील का ते विचारून पाहा.

या शहरात विद्यार्थ्याला मदत देण्याचा इतिहास मोठा आहे आणि त्यातच एक जखमही आहे. कवळाण्याच्या शेतकरी घरातून १८७५ मध्ये बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक येईपर्यंत सयाजीरावांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पुढे त्याच सयाजीरावांनी १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी बडोदा संस्थाननं तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिना साडेअकरा पौंड. परतल्यावर दहा वर्षं संस्थानात नोकरी करायची असा करार होता. १९१७ मध्ये ते कराराप्रमाणे आले आणि या शहरात त्यांना राहायला एक खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यावर ते सयाजीबागेत झाडाखाली जाऊन बसले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. पुढे शिकवायला लागल्यावर मी वर्गाला तिथे घेऊन जायचे. संस्थाननं शिकायला पैसे दिले, आणि शिकून आलेल्या माणसाला गावानं दार उघडलं नाही.

पारितोषिकाच्या बाबतीत मी हे मनाशी धरून असते. समारंभ संपल्यावर त्या मुलाचं काय? तुमच्या घरातल्या एकानं वर्षातून एकदा, सगळ्या जुन्या मानकऱ्यांना फोन करायचा. कॉलेज कुठलं, फॉर्म भरला का, बडोदा सोडून सुरतेला गेलास तर राहायची सोय काय. पाच वर्षांनी ती पाच मुलं होतील, दहा वर्षांनी दहा. सुरुवातीची मुलं नंतरच्यांना हॉस्टेल शोधून देऊ लागतात. आमच्याकडे एका पारितोषिकाचं असं झालं, मी ते डोळ्यांनी पाहिलं. ते पारितोषिक आजही चालू आहे, आणि त्याची रक्कम तुमच्यापेक्षा कमी आहे.

तारीख ठरवताना पुण्यतिथीला अडून बसू नका. जानेवारीत उत्तरायण, मग बोर्डाची धामधूम. दिवाळीनंतर देवउठी, म्हणजे कार्तिकी एकादशीला मांडवीतून विठ्ठलाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघते. तेव्हा शाळेला बहुधा दिवाळीची सुट्टी असते, म्हणून सुट्टी संपल्यावरचा लगेचचा आठवडा तुमच्या भावासाठी योग्य वाटतो. शाळेलाही तेव्हा थोडी उसंत असते.

पान लिहायला या आठवड्यातच बसा. आईबाबांना बोलू द्या, तुम्ही लिहून घ्या, व्यायामशाळेतल्या दोन लहान पोरांनाही विचारा, त्यांना तुमच्यापेक्षा वेगळं काही आठवत असेल. लिहून झालं की मला पाठवा. विशेषणं मी खोडून देईन.